अशक्य रंगभूमीचा कैवारी : हर्बर्ट ब्लाऊ

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रंगभूमी म्हणजे न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे आणि त्याच्या अवतीभवतीचे काही रस्ते, असा समज दृढ होऊन बसला होता. नाटक तेथे जन्मावे, पहिल्या प्रयोगानंतर काही तासांच्या आत तेथील वृत्तपत्रांनी त्याच्या आयुष्याचा निवाडा करावा, आणि तो निवाडा अनुकूल ठरलाच तर त्याच नाटकाची दुय्यम आवृत्ती दौऱ्यावर निघून उर्वरित देशाला दर्शन देऊन यावी, अशी ती व्यवस्था होती. डलास, ह्यूस्टन, वॉशिंग्टन अशा मोजक्या ठिकाणी काही जिद्दी माणसांनी स्थायी नाटकमंडळी उभारल्या होत्या हे खरे; तथापि एखाद्या शहराने आपल्या ग्रंथालयाचा वा विद्यापीठाचा बाळगावा तसा अभिमान आपल्या नाटकमंडळीचाही बाळगावा, ही कल्पना त्या संपन्न देशाच्या मनात अद्याप रुजली नव्हती. ती रुजविण्याचा उद्योग ज्यांनी हट्टाने आरंभिला, त्यांच्यांत हर्बर्ट ब्लाऊ हा एक दिग्दर्शक असा होता की ज्याच्या आयुष्यात तालमीची खोली आणि अभ्यासिका यांच्यामधली भिंत कधी उभीच राहिली नाही.

३ मे १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेल्या या माणसाचे मूळ शिक्षण नाटकाशी यत्किंचितही संबंध नसलेले होते. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४७ साली तो रासायनिक अभियांत्रिकीचा पदवीधर झाला; परंतु याच सुमारास नाट्यलेखनाचा नाद लागल्याने त्याने ते क्षेत्र सोडून दिले आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात आधी नाट्यशास्त्राचे व पुढे इंग्रजी वाङ्मयाचे अध्ययन केले. १९५४ साली त्याला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी महाविद्यालयात अध्यापक होता आणि एका नाटकमंडळीचा कारभारही त्याच्या अंगावर येऊन दोन वर्षे उलटली होती. जूल्स आयर्व्हिंग या आपल्या सहाध्यापकाबरोबर त्याने १९५२ साली 'द ॲक्टर्स वर्कशॉप' ही संस्था काढली. दोघांच्याही पत्नी, बिअ‍ॅट्रिस मॅनली आणि प्रिसिला पॉइंटर, कसलेल्या अभिनेत्री होत्या. आणि शहरात नाटकाची भूक असलेले पण तिला वाट नसलेले काही नट त्यांना येऊन मिळाले. जागा मिळाली ती ज्यूदोच्या एका आखाड्यावरच्या माडीत. खाली मल्ल एकमेकांस जमिनीवर आपटीत असावेत आणि वर अभिनयाची साधना चालावी, असा तो प्रारंभ होता.

आरंभी या मंडळींचा हेतू केवळ अभ्यासाचा होता; प्रेक्षक बोलवावेत की नाही याविषयीही निश्चय झालेला नव्हता. परंतु अभिनयाला प्रेक्षकाविना पूर्णता नाही हे लवकरच सर्वांच्या ध्यानी आले, आणि खासगी प्रयोगांमधून जाहीर प्रयोग, जाहीर प्रयोगांमधून वर्गणीदार, असा क्रम सुरू झाला. १९५५ साली नटांच्या राष्ट्रीय संघटनेशी या संस्थेचा रीतसर करार झाला व हौशी मंडळीचे रूपांतर व्यावसायिक मंडळीत होऊ लागले. तरीही नाटकांची निवड तिकीटविक्रीच्या हिशेबाने करावयाची नाही, हा संकल्प टिकून राहिला. १९५६ च्या आरंभी ब्लाऊने ब्रेख्तचे 'मदर करेज' रंगभूमीवर आणले. ज्या ब्रेख्तला आठच वर्षांपूर्वी अमेरिकेने काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे उभे केले होते आणि जो त्या जबानीनंतर लगेच देश सोडून निघून गेला होता, त्याचे युद्धविरोधी नाटक शीतयुद्धाच्या ऐन कडाक्यात अमेरिकन प्रेक्षकांपुढे मांडण्यास नुसती रसिकता पुरेशी नव्हती. छातीही लागत होती. पुढे जेने, पिंटर, बेकेट यांची नाटके याच संस्थेने पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आणली, आणि त्यांच्या जोडीला शेक्सपिअरही ठेवला. १९६१ साली ब्लाऊने केलेल्या 'किंग लियर'साठी मॉर्टन सुबॉटनिक या तरुण संगीतकाराकडून विद्युत्ध्वनींचे संगीत तयार करून घेतले होते, एवढ्यावरून त्याच्या दिग्दर्शनाची धाटणी लक्षात यावी.

या सर्व उद्योगात ज्या एका प्रयोगाने संस्थेचे नाव इतिहासात कायमचे नोंदविले गेले, तो 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकाचा. दोन भणंग माणसे एका निष्पर्ण झाडापाशी कोणा गोदोची वाट पाहत बसतात आणि तो येत नाही, एवढेच ज्याचे कथानक, ते सॅम्युअल बेकेटचे नाटक जानेवारी १९५३ मध्ये पॅरिसला प्रथम रंगभूमीवर आले होते. अमेरिकेतील त्याचे पदार्पण मात्र दुर्दैवी ठरले. जानेवारी १९५६ मध्ये मायामी येथे 'दोन खंडांना हसविणारे नाटक' अशा थाटाची जाहिरात करून ते लावण्यात आले, आणि विनोदाच्या अपेक्षेने आलेले हौशी प्रवासी मध्यंतरापूर्वीच आपल्या मोटारींकडे परतले. त्यानंतर वर्षभराने ब्लाऊने हे नाटक हाती घेतले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेक्षकांचे सोडाच, त्याच्या स्वतःच्या संस्थेतल्या काहींनाही त्यात काय पाहावयाचे हे उमगत नव्हते. दिग्दर्शकाने अर्थ सांगण्याच्या फंदात न पडता नटांना कृतींत गुंतवून ठेवले: टोपी काढणे, बूट ओढणे, गाजर खाणे, गप्प राहणे. नाटकातील माणसे काय मानतात यापेक्षा पुढचा क्षण ती कसा भरून काढतात याकडे लक्ष वेधले गेले, आणि हळूहळू नाटक उभे राहिले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या उत्तर काठावर सॅन क्वेंटिनचा तुरुंग आहे. १८५२ साली स्थापन झालेला हा कॅलिफोर्नियातील सर्वांत जुना तुरुंग. देहान्ताची शिक्षा झालेले कैदी तेथेच ठेवले जात आणि शिक्षेची अंमलबजावणीही तेथेच होई. १९१३ साली सारा बर्नहार्ट या विख्यात फ्रेंच अभिनेत्रीने तेथे प्रयोग केला होता, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे त्या भिंतींच्या आत एकही नाटक झाले नव्हते. १९५७ साली पुन्हा एखादे नाटक आणण्याची तजवीज झाली, आणि अधिकाऱ्यांनी 'गोदो'ला मंजुरी दिली ती मुख्यतः त्यात एकही स्त्रीपात्र नव्हते म्हणून. नाटकाच्या निवडीची याहून कारकुनी कसोटी सापडणे कठीण. परंतु कधी कधी दप्तरी कारभाराच्या हातूनही अनवधानाने थोर कार्य घडून जाते, त्याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

१९ नोव्हेंबर १९५७ रोजी तुरुंगाच्या भोजनगृहात तात्पुरता मंच उभारण्यात आला. समोर सुमारे चौदाशे कैदी बसले होते. ज्या नाटकाने सुशिक्षित नगरवासीयांना बुचकळ्यात टाकले, ते खून-दरोड्यांच्या शिक्षा भोगणाऱ्या आणि आयुष्यात बहुधा एकही नाटक न पाहिलेल्या समुदायापुढे करावयाचे, या विचाराने नटांचे धाबे दणाणले असल्यास नवल नाही. पडदा उघडण्यापूर्वी ब्लाऊ स्वतः पुढे आला. नाटकाचे सार त्याने सांगितले नाही आणि बोधही सांगितला नाही. हे नाटक जॅझ संगीतासारखे ऐका, ज्याला त्यात जे सापडेल ते त्याने घ्यावे, अशा आशयाचे चार शब्द बोलून तो बाजूस झाला. स्त्रिया दिसतील, थट्टामस्करी होईल या आशेने आलेले काही दांडगे कैदी थोडा वेळ पाहून उठण्याच्या बेतात होते. ते उठले नाहीत. चौदाशे माणसे शेवटपर्यंत खिळून बसली.

तुरुंगातल्या कैद्यांचे स्वतःचे वृत्तपत्र होते, त्यात या प्रयोगाचे परीक्षण छापून आले. अर्थाविषयी त्या लेखकाच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. आलेल्या वार्ताहराला एका कैद्याने गोदो म्हणजे समाज असे सांगितले, दुसऱ्याने गोदो म्हणजे बाहेरचे जग असे सांगितले. तेथे शिकविणाऱ्या एका शिक्षकाचे म्हणणे असे की वाट पाहणे म्हणजे काय हे या माणसांना ठाऊक आहे, आणि गोदो आलाच तर तो निराशाच पदरी टाकील हेही त्यांना ठाऊक आहे. विद्वानांनी ज्याच्यावर पुढे ग्रंथांच्या राशी रचल्या, तो विषय या श्रोत्यांना भाष्यावाचून कळला, कारण त्यांच्या दिनचर्येत आणि मंचावरील घटनांत फारसे अंतर नव्हते. चार वर्षांनी, १९६१ साली, मार्टिन एस्लिन या समीक्षकाने असंगत नाट्यावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचा आरंभ त्याने याच प्रयोगाच्या हकिकतीने केला.

या प्रकरणाला एक उत्तरकथा आहे. रिक क्लुची नावाचा एक जन्मठेपेचा कैदी त्या रात्री भोजनगृहात नव्हता. त्याला कोठडीबाहेर पडण्याची परवानगी नव्हती. ध्वनिक्षेपकावरून येणारे संवाद त्याने कोठडीत पडल्या पडल्या ऐकले. पुढे या कैद्याने व त्याच्या सोबत्यांनी तुरुंगातच आपली नाटकमंडळी उभारली आणि बेकेटची नाटके करण्यास सुरुवात केली. १९६६ साली त्याची सशर्त सुटका झाली. त्याने स्वतः नाटके लिहिली, युरोपात प्रयोग केले, आणि १९७७ साली बर्लिनमध्ये 'क्रॅप्स लास्ट टेप' या नाटकात खुद्द बेकेटने त्याचे दिग्दर्शन केले. एखाद्या दिग्दर्शकाच्या कामगिरीचे मोल त्याने मिळविलेल्या पारितोषिकांवरून ठरवावे की अशा एका श्रोत्यावरून, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.

१९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या वतीने 'गोदो'चा हा प्रयोग नेण्यात आला, आणि आखाड्यावरच्या माडीत जन्मलेल्या संस्थेचे नाव परदेशात पोहोचले. फोर्ड प्रतिष्ठानचे अनुदान मिळाले. तरी ब्लाऊचे समाधान होत नव्हते; उलट संस्थेची प्रतिष्ठा जसजशी वाढली तसतसा त्याचा संतापही वाढत गेला. १९६४ साली 'द इम्पॉसिबल थिएटर' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा जाहीरनामा आहे असे त्याने उपशीर्षकातच सांगून ठेवले होते. अणुबाँबच्या छायेत जगणाऱ्या देशातील रंगभूमी इतकी गुळगुळीत, इतकी भित्री कशी राहू शकते, हा त्याचा मूळ प्रश्न होता. न्यूयॉर्कच्या मक्तेदारीवर त्याने कठोर प्रहार केले, समव्यवसायी नटांची व निर्मात्यांची भीड ठेवली नाही, आणि नाटकमंडळींनी आपापल्या शहरांत पाय रोवून उभे राहावे असा आग्रह धरला. त्याच्या वाक्यांत इतका दाह होता की समर्थकांनाही त्याची धग सोसत नसे. परंतु प्रादेशिक रंगभूमीची जी चळवळ त्या दशकात अमेरिकेत फोफावली, तिला तात्त्विक अधिष्ठान देणाऱ्या ग्रंथांत याची गणना होते.

आणि नेमके येथेच दैवाने त्याची परीक्षा घेतली. न्यूयॉर्कमध्ये लिंकन सेंटर हे कलांचे भव्य संकुल उभे राहत होते आणि त्याच्यासाठी एक स्थायी नाटकमंडळी निर्माण करण्याचे काम रॉबर्ट व्हाइटहेड व एलिया कझान या ब्रॉडवेच्या दोन मातब्बरांकडे सोपविले होते. विश्वस्तांचे त्यांच्याशी बिनसले, व्हाइटहेडला दूर करण्यात आले, कझानने राजीनामा दिला, आणि १९६५ च्या आरंभी ती मुखत्यारी ब्लाऊ व आयर्व्हिंग यांच्याकडे आली. ज्याने न्यूयॉर्कविरुद्ध जाहीरनामा लिहिला त्यालाच न्यूयॉर्कने राजदंड देऊ केला, आणि त्याने तो स्वीकारला. आपल्या विचाराचा विजय रंगभूमीच्या या राजधानीतच सिद्ध करून दाखवावा, असा मोह त्याला पडला असेल तर तो मनुष्यस्वभावाला धरूनच होता. संस्थेतले बरेचसे नट बरोबर घेऊन हे दोघे देशाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

व्हिव्हियन ब्यूमाँट नाट्यगृह २१ ऑक्टोबर १९६५ रोजी उघडले. ईरो सारिनेन या श्रेष्ठ वास्तुविशारदाची ती इमारत, हजारांहून अधिक आसने, आणि अजस्र यंत्रांनी सज्ज असा रंगमंच. उद्घाटनाला ब्लाऊने निवडले गेऑर्ग ब्यूखनरचे 'डँटनचा मृत्यू': फ्रेंच राज्यक्रांती आपल्याच पुत्रांना कशी गिळते याचे चित्रण करणारे, १८३५ सालचे, थंडगार आणि निष्ठुर नाटक. समीक्षकांनी प्रयोगाची निर्भर्त्सना केली. त्या मोसमात झालेल्या सार्त्र, ब्रेख्त इत्यादींच्या नाटकांनाही मनासारखा प्रतिसाद मिळाला नाही, आणि जानेवारी १९६७ मध्ये ब्लाऊने राजीनामा दिला. आयर्व्हिंग मागे राहिला व त्याने १९७२ पर्यंत तो कारभार नेटाने चालविला. इकडे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मूळ संस्था दुसऱ्या हातांत सोपविण्यात आली होती. तीही १९६६ साली बंद पडली. एका स्थलांतराने दोन मंडळींचा घात केला. कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही: सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नट, नाटके आणि प्रेक्षक तेरा वर्षे परस्परांना घडवीत आले होते, प्रत्येक अपयश त्यांच्या सामाईक आठवणींत जमा होत होते, आणि ही पुंजी हुकूमनाम्याने एका शहरातून दुसऱ्या शहरात हलविता येण्याजोगी नव्हती. न्यूयॉर्कचा प्रेक्षक पहिल्या रात्रीचा निकाल मागत होता. ब्लाऊला मात्र दशक हवे होते.

दुसरा एखादा या आघाताने खचला असता, अथवा बुद्धिमान असता तर ब्रॉडवेशी तह करून मोकळा झाला असता. ब्लाऊ १९६८ साली कॅलिफोर्नियाला परतला. वॉल्ट डिस्नेच्या द्रव्यातून तेथे 'कॅलआर्ट्स' ही सर्व कलांची एकत्रित विद्यासंस्था उभारली जात होती. तिच्या विद्याविषयक रचनेची सूत्रे आणि नाट्यविभागाची धुरा त्याच्याकडे आली. चित्रकार, संगीतकार, नर्तक आणि नट यांनी एका छताखाली एकमेकांची कामे बिघडवीत शिकावे, अशी त्याची कल्पना होती. संस्था काढणाऱ्यांना सुव्यवस्थित कलाशाळा अभिप्रेत होती आणि त्याला साठीच्या दशकातील बंडखोरीची प्रयोगशाळा. हर्बर्ट मार्क्यूझ या क्रांतिवादी तत्त्वज्ञाची नेमणूक करण्याचा त्याचा प्रयत्न विश्वस्तांना रुचला नाही. थोड्याच वर्षांत येथीलही संबंध संपला.

यानंतर ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात त्याने 'क्राकेन' ही मंडळी स्थापिली, आणि तेथे त्याचे काम सर्वांत गहन झाले. नट थोडे, प्रेक्षक त्याहून थोडे, द्रव्य जवळजवळ नाही; वेळ मात्र मुबलक. नाटकाची तयार संहिता घेऊन पाठांतरास बसण्याची रीत येथे नव्हती. 'हॅम्लेट' घेतले तर त्यातील एकेका ओळीवर नटांनी महिनोन्महिने प्रश्न विचारावेत, त्या प्रश्नांतून शरीराची हालचाल आणि नवे शब्द उगवावेत, आणि अखेरीस मूळ नाटकाच्या जागी 'एल्सिनोर' नावाची एक वेगळीच रचना उभी राहावी, असा तो क्रम होता. ग्रीक शोकांतिकांतून 'सीड्स ऑफ एट्रियस' निघाले. १८४६ साली कॅलिफोर्नियाकडे निघालेला आणि सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकल्यावर मृत सोबत्यांचे मांस खाऊन तगलेला जो डॉनर तांडा अमेरिकेच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे, त्याच्यावरही या मंडळीने एक नाट्यरचना केली. या घराण्यात शिकलेल्यांपैकी बिल आयर्विन पुढे मूकाभिनय व विदूषकी यांत अग्रगण्य ठरला, आणि ज्यूली टेमॉर हिने 'द लायन किंग'च्या रूपाने त्याच ब्रॉडवेवर अफाट यश मिळविले, ज्याच्याशी गुरूचे जन्मभर वैर होते.

आर्थिक ओढाताणीने क्राकेनही टिकली नाही. तेव्हा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी या माणसाने दिग्दर्शन जवळजवळ सोडले आणि लेखणी हाती घेतली. १९८२ या एका वर्षात त्याचे 'टेक अप द बॉडीज' आणि 'ब्लडेड थॉट' हे दोन ग्रंथ आले. १९९० साली 'द ऑडियन्स' आला. बेकेटवरील निबंध २००० साली संगृहीत झाले, आणि २०११ साली 'ॲज इफ' हे आत्मचरित्र. त्याचे गद्य दुर्गम आहे. फ्रेंच तत्त्वचिंतकांशी झुंजणारी त्याची वाक्ये पानभर लांबतात आणि सामान्य वाचकाची दमछाक करतात. परंतु त्याच्या विचाराचा गाभा अगदी साधा आहे. मंचावर उभा असलेला नट हा तुमच्या डोळ्यांदेखत मरू शकतो, किंबहुना क्षणाक्षणाने मरतच असतो, आणि चित्रपटात वा मुद्रणात न सापडणारे नाटकाचे वैशिष्ट्य या नश्वरतेत आहे, असे तो सांगतो. हे प्रमेय ग्रंथालयात बसून काढलेले नाही. ज्याने नटांना थकून कोसळेपर्यंत तालमी करताना पाहिले, त्याची ती जबानी आहे. तसेच प्रेक्षक नावाचा एकजीव समूह आयता तेथे बसलेला नसतो, तो प्रत्येक प्रयोगाने नव्याने घडवावा लागतो, हे त्याचे प्रतिपादनही सॅन क्वेंटिन आणि लिंकन सेंटर या दोन टोकांच्या अनुभवांवाचून त्याच्या हातून लिहून झाले नसते. मिलवॉकी आणि अखेरीस सिअ‍ॅटल येथील विद्यापीठांत त्याने अध्यापन केले. आपल्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवशी, ३ मे २०१३ रोजी, तो निवर्तला.

व्यवहाराच्या खतावणीत पाहिले तर या आयुष्यात तोटाच अधिक दिसतो: पहिली संस्था बुडाली, दुसरीतून राजीनामा, तिसरीतून निरोप, चौथी उपासमारीने गेली. तथापि संस्था चालणे आणि रंगभूमी जगणे या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्याकडेही याचा दाखला आहे. १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेचे आयुष्य अल्प ठरले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी नाटके झाली, तेथे ना आरामशीर आसने होती ना फिरता रंगमंच. आणि तरीही आधुनिक मराठी रंगभूमीचा इतिहास या दोन नावांना वगळून लिहिता येत नाही. आज आपल्या प्रत्येक शहराला नवे नाट्यगृह हवे असते, त्याची कोनशिला थाटाने बसते, वातानुकूलन आणि वाहनतळ यांची चर्चा महिनोन्महिने चालते, आणि त्यात कोणती मंडळी दहा वर्षे काम करणार आहे हा प्रश्न कोणीही विचारीत नाही. इमारतीसाठी मंजूर होणाऱ्या रकमेचा लहानसा हिस्सा जरी एखाद्या गावातील चार नटांना व एका दिग्दर्शकाला निर्वेधपणे तालीम करता यावी म्हणून राखून ठेवला, तरी ब्लाऊच्या चरित्रातून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.